ड्रायव्हिंग लायसन्सचं मेडिकल सर्टिफिकेट: सही करणाऱ्या डॉक्टरवर कायद्याने काय जबाबदारी येते?

जुन्नरचा_डॉक्टर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. एका पेशंटमुळे पडलेला प्रश्न इथे मांडतोय. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

टेम्पोचालक, वय चाळिशीच्या पुढे. रात्री नारायणगावातून टोमॅटो भरायचे, पहाटे वाशीला माल उतरवायचा, असा धंदा. काही महिन्यांपूर्वी पहाटे झोपेतून उठताना त्याला आकडी आली. बायकोने सांगितलेलं वर्णन ऐकून शंकेला जागाच राहत नाही. दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन झटके आले, जीभ चावली गेली, कपडे ओले झाले आणि नंतर बराच वेळ माणूस भानावर नव्हता. पुण्यात न्यूरोला दाखवलं. एमआरआय नॉर्मल, ईईजीत (मेंदूच्या विद्युत आलेखात) दोष, गोळ्या सुरू. त्यानंतर पुन्हा आलेली नाही.

आता लायसन्सची मुदत संपतेय आणि तो फॉर्म १-अ (लायसन्ससाठीच्या मेडिकल सर्टिफिकेटचा नमुना) घेऊन माझ्यासमोर बसलाय. त्या फॉर्मवर डॉक्टरने भरायचे रकाने बघा: नजर, रंग ओळखणं, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येणं, ऐकू येणं, रातांधळेपणा, हातापायातलं व्यंग. यातलं एकही त्याला लागू नाही. रकान्यांच्या हिशोबाने माणूस ठणठणीत आहे. पण खाली माझी सही ज्या वाक्याखाली येते, ते वाक्य म्हणजे "हा अर्जदार वाहन चालवण्यास वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहे".

तर प्रश्न असे. सही केली आणि उद्या माळशेज घाटात काही झालं तर मी कुठे उभा असेन? सही नाकारली आणि तो पुढच्या डॉक्टरकडे गेला, तर माझं काम संपलं का? आणि आरटीओला कळवणं माझं कर्तव्य आहे, की तो गोपनीयतेचा भंग ठरेल?

---

कराडकर७१

डॉक्टर, तुम्ही निदान विचार तरी करताय. माझं नूतनीकरण झालं तेव्हा मी डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नाही. एजंटने फोटो आणि आधारची झेरॉक्स नेली आणि संध्याकाळी सहीशिक्क्यासकट कागद आणून दिला. मला एका डोळ्याने दिसत नसतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

---

ॲड_मृणालिनी

कराडकर, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात गंभीर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

फॉर्म १-अ वर डॉक्टर एक नाही, दोन गोष्टी लिहून देतो. पहिली, "मी अर्जदाराला स्वतः तपासलं आहे". दुसरी, "माझ्या मते तो पात्र आहे". दुसरं विधान हे मत आहे. मत चुकू शकतं, आणि मत चुकलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पहिलं विधान ही वस्तुस्थिती आहे. माणूस समोर आलेलाच नसताना ते लिहिलं तर ते खोटं आहे आणि लिहिणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत आहे. कायद्याने आवश्यक असलेलं प्रमाणपत्र खोटं आहे हे माहीत असताना देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम १९७ होतं. शिक्षा खोटी साक्ष दिल्याप्रमाणे, म्हणजे एरवी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. असं प्रमाणपत्र खोटं आहे हे ठाऊक असताना वापरणाराही सुटत नाही, त्याच्यासाठी कलम २३५ आहे.

आता डॉक्टरसाहेबांचा पेच. फॉर्मच्या रकान्यांत फिटचा, म्हणजे आकडीचा, प्रश्न नाही हे खरं, कारण तो प्रश्न फॉर्म १ मध्ये, अर्जदाराच्या स्वयंघोषणेत आहे. अपस्मार किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं, असं तिथे स्पष्ट विचारलेलं आहे. म्हणजे कायद्याने ते ओझं पेशंटच्या प्रामाणिकपणावर टाकलंय. पण तुम्हाला आजार माहीत आहे. केस पेपरवर तुमच्याच हाताने आकडीची नोंद आहे आणि त्याच माणसाला तुम्ही "पात्र" लिहून देताय. "मला रकान्यात विचारलं नव्हतं" हा बचाव टिकणार नाही. मत प्रामाणिक असावं लागतं, आणि समोर असलेली माहिती बाजूला ठेवून दिलेलं मत प्रामाणिक म्हणता येत नाही.

याशिवाय मेडिकल कौन्सिल. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतलं ७.७ वाचा. असत्य, दिशाभूल करणारं किंवा अनुचित प्रमाणपत्र दिल्याचं सिद्ध झालं तर रजिस्टरवरून नाव काढलं जाऊ शकतं. तिथे "अनुचित" हा शब्दही आहे. म्हणजे फौजदारी गुन्हा सिद्ध झाला नाही तरी परिषदेची कारवाई स्वतंत्रपणे होऊ शकते. (२०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते लगेच स्थगित झाले. आज २००२ चेच लागू आहेत.)

---

जुन्नरचा_डॉक्टर

मृणालिनीताई, आभार. अपघातात कुणी दगावलं तर माझ्यावर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागू शकतो का?

---

ॲड_मृणालिनी

तक्रार कुणीही करू शकतो. पण जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरला फौजदारीत ओढायचं तर निष्काळजीपणा ढळढळीत असला पाहिजे. शिवाय तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला हवं. तपासून, विचारून, नोंद ठेवून दिलेल्या प्रमाणपत्राला हे संरक्षण आहे. एजंटच्या गठ्ठ्यातल्या प्रमाणपत्राच्या बाजूने काय मांडणार?

एक गैरसमजही काढून टाकते. न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरांसाठी पाचऐवजी दोन वर्षांची कमाल शिक्षा आहे असं सगळे सांगतात. ती वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या मृत्यूपुरती आहे. प्रमाणपत्रावरची सही ही प्रक्रिया आहे असं कोर्टाला पटवणं मला अवघड दिसतं.

---

न्यूरो_मिरज

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. असे पेशंट आठवड्याला बघते.

आधी वैद्यकीय बाजू. कारण नसताना आलेल्या पहिल्या फिटनंतर पुढच्या दोन वर्षांत पुन्हा येण्याचा धोका साधारण २१ ते ४५ टक्के असतो. ईईजीत दोष असेल तर तो वरच्या बाजूला सरकतो. गोळ्यांनी सुरुवातीच्या काळातला धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि फिटला निमंत्रण देणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे अपुरी झोप. या पेशंटचा धंदाच रात्री जागण्याचा आहे. त्यामुळे "गोळ्या चालू आहेत, तीन महिने काही नाही" यावर मी त्याला टेम्पोसाठी पात्र म्हणणार नाही.

पण आपल्या कायद्याबद्दलची माझी तक्रारही मांडते. फॉर्म १ मधला प्रश्न हो किंवा नाही एवढाच आहे. किती दिवसांपूर्वी, कशामुळे, गोळ्यांवर किती काळ बरा आहे, याला जागाच नाही. ब्रिटनमध्ये कारसाठी एक वर्ष फिटमुक्त काळ मागतात. ट्रक-बससाठी गोळ्यांशिवाय दहा वर्षं. कडक आहे, पण माणसाला निदान एक तारीख दिसते. आपल्याकडे दहा वर्षं फिट न आलेली शिक्षिका स्कूटीसाठी खरं लिहायला गेली तर तिला लायसन्स नाकारलं जातं, आणि गेल्या महिन्यात फिट आलेला माणूस "नाही"वर खूण करून पुढे जातो. खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा होत असेल तर लोक डॉक्टरपासूनही लपवायला लागतात. मग गोळ्याही नीट घेत नाहीत. रंगांधतेच्या बाबतीत २०२० मध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना वाट मोकळी केली. फिटच्या बाबतीतही असाच विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

---

टेम्पोवाला_भाऊ

सगळे शिकलेले लोक बोलताय म्हणून गप्प होतो. पण माझ्या सख्ख्या भावाचं हेच झालं.

त्याला फिट आली, डॉक्टरांनी सही नाकारली. चांगलं केलं, मी नाव ठेवत नाही. पण पुढे काय? गाडीचा हप्ता चालू. मालक म्हणाला, लायसन्स नाही तर दुसरा ड्रायव्हर बघतो. त्याला स्टेअरिंगशिवाय काही येत नाही. चार महिने घरात बसला आणि गोळ्या सोडल्या, कारण त्याच्या डोक्यात बसलं की गोळ्यांमुळेच आपल्याला आजारी ठरवलं. डॉक्टर "नाही" म्हणतात तेव्हा पाच मिनिटं बसवून पुढचंही बोला. पेशंट तुमच्याकडूनच ऐकतो, आमच्याकडून नाही.

---

न्यूरो_मिरज

भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. गोळ्या सोडल्या की फिट जोरात परत येते, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या न्यूरो ओपीडीत दाखवा, नेहमीच्या गोळ्या तिथे मिळू शकतात.

---

निवृत्त_निरीक्षक

परिवहन खात्यात आयुष्य गेलं. दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या बाहेर फारशा माहीत नसतात.

मेडिकल कधी लागतं? परिवहन संवर्गाचं (व्यावसायिक वाहनाचं) लायसन्स असेल तर, किंवा वय ४० पूर्ण असेल तर. नूतनीकरणाला हेच कलम १५ मध्ये लिहिलंय. परिवहनचं लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी नवं करायचं, पूर्वी तीन वर्षांनी करावं लागे. खाजगी असेल तर तिशीच्या आत काढलेलं थेट चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे मधल्या काळात कुठलाही डॉक्टर तुम्हाला बघत नाही.

आता नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा घटनापीठाचा निकाल घ्या. साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळी परिवहनची नोंद लागत नाही. गरीब ड्रायव्हरच्या दृष्टीने निकाल चांगला आहे, विम्याचे वादही त्याने मिटले. पण आपल्या विषयाच्या अंगाने बघा. पंचविशीतला पोरगा छोटा हत्ती रात्रंदिवस चालवेल आणि चाळिशीपर्यंत त्याच्यासाठी एकही १-अ भरला जाणार नाही. त्याला फिट आली, साखर घसरून शुद्ध गेली, तर ते ठाऊक असणारा एकमेव माणूस म्हणजे त्याचा नेहमीचा डॉक्टर. म्हणून डॉक्टरांची जबाबदारी १-अ पुरती धरू नका, असं माझं मत आहे.

डॉक्टरांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल: मोटार वाहन कायदा कलम १६. चालक आजारामुळे वाहन चालवायला अपात्र आहे असं मानायला सयुक्तिक कारण असेल तर लायसन्स प्राधिकारी कधीही लायसन्स रद्द करू शकतो, किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. ही माहिती कुणी द्यायची याचं बंधन कलमात नाही. घरच्यांचं लेखी पत्रही चालतं. माझ्या काळात अशी पत्रं फार क्वचित आली.

---

लीड्सकर

इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे. इथली पद्धत सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

इथे आजार कळवायची कायदेशीर जबाबदारी चालकाची. डॉक्टरने त्याला तसं सांगायचं. सांगूनही तो गाडी चालवत राहिला आणि लोकांना गंभीर धोका असेल, तर डॉक्टरने परवाना खात्याला स्वतः कळवावं, अशी जनरल मेडिकल कौन्सिलची मार्गदर्शक सूचना आहे. कळवण्याआधी पेशंटला सांगायचं, कळवल्यावर त्याला लेखी द्यायचं. पाठीमागून काही करायचं नाही.

२२ डिसेंबर २०१४ ला ग्लासगोत कचऱ्याच्या ट्रकचा चालक बेशुद्ध झाला आणि ट्रक फुटपाथवर चढून सहा माणसं गेली. चौकशीत निघालं की २०१० मध्ये बस चालवायच्या नोकरीत असताना तो एकदा असाच बेशुद्ध झाला होता, आणि त्याबद्दल त्याने डॉक्टरांची दिशाभूल केली होती, परवाना खात्यापासून ते झाकून ठेवलं होतं. डॉक्टरांना थेट कळवण्याची अधिक मोकळीक द्यावी की बंधनच घालावं, याचा सरकारने विचार करावा असं चौकशीच्या निकालात सुचवलं गेलं.

---

टोरोंटोची_सई

आमच्या ओंटारिओत बंधनच आहे. स्मृतिभ्रंश, अचानक शुद्ध हरपणारे आजार, नजरेचे ठरावीक दोष अशा प्रकारांत डॉक्टरने परिवहन खात्याला कळवलंच पाहिजे. सद्भावनेने कळवलं तर डॉक्टरवर दावा लावता येत नाही. सासऱ्यांचं लायसन्स असंच गेलं. ते त्या डॉक्टरकडे पुन्हा गेले नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. बंधन आलं की काही पेशंट लक्षणं सांगणंच सोडतात.

---

ॲड_मृणालिनी

सईताई आणि लीड्सकर, धन्यवाद. आता आपल्याकडचं.

आरटीओला कळवलंच पाहिजे असं बंधन भारतात डॉक्टरवर नाही. पण कळवायला सरसकट मनाईही नाही. आचारसंहितेतलं ७.१४ गोपनीयतेला तीन अपवाद देतं: कोर्टाचा आदेश, नोंद करणं सक्तीचं असलेले आजार, आणि विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर, निश्चित करता येण्याजोगा धोका. रात्री घाटातून टेम्पो नेणारा, नुकतीच फिट आलेला, सांगूनही न थांबणारा चालक या तिसऱ्या अपवादात बसतो असं मी कोर्टात मांडेन. १९९८ च्या मिस्टर एक्स प्रकरणातही सुप्रीम कोर्टाने गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही असंच म्हटलं. मात्र "सांगूनही न थांबणारा" हे तुमच्या कागदावर दिसायला हवं. पहिल्याच भेटीत उठून पत्र लिहिणारा डॉक्टर मी वाचवू शकणार नाही.

सही नाकारण्याबद्दल: कोरा फॉर्म परत देऊ नका. त्याच नमुन्यात "अपात्र" लिहून कारण द्यायची सोय आहे. कोरा फॉर्म दुसऱ्या दाराशी जातो आणि तुम्ही काही केल्याचा पुरावा मागे राहत नाही. आणि प्रमाणपत्रांचं रजिस्टर ठेवता का? आचारसंहितेत १.३.३ प्रमाणे ते बंधनकारक आहे. ओळखखुणा लिहायच्या, प्रत ठेवायची. मी डॉक्टरांच्या बाजूने उभी राहते तेव्हा बहुतेक ठिकाणी हे रजिस्टरच नसतं.

पेशंटलाही एक सांगा. आजार माहीत असून गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत दंड, नंतर दोन हजारांपर्यंत. रक्कम किरकोळ वाटते. पण अपघात झाला तर तेच "माहीत होतं" पुढे फौजदारीत त्याच्यावर उलटतं.

---

एसटीतला_एक

टेम्पोवाल्या भावांसाठी आणि इतरांसाठी. सरकारी नोकरीत ड्रायव्हर असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० बघा. नोकरीतून काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. आमच्या आगारात नजर गेलेले चालक असेच दुसऱ्या कामावर आलेत. पण हे सरकारी आस्थापनांपुरतं. खाजगी टेम्पोवाल्याला असं कवच नाही, आणि रात्रीचा भाजीपाला वाहणारे जवळजवळ सगळे तेच आहेत.

---

जुन्नरचा_डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याला आणि बायकोला एकत्र बोलावलं. भाऊंचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून ओपीडी संपल्यावर बोलावलं, गर्दीत नाही. फॉर्मवर अपात्र लिहिलं, कारण लिहिलं, रजिस्टरला नोंद केली. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "साहेब, कायमचं का?" मी सांगितलं की आत्ता नाही, एवढंच मी म्हणू शकतो. न्यूरोकडे नियमित दाखव, एकही गोळी चुकवू नको, पुढच्या वर्षी आपण पुन्हा बसू. बायको म्हणाली की भाऊबंदातला एक पोरगा गाडी चालवतो, त्याला ठेवून हा बाजारातली भराई आणि हिशोब बघेल. टेम्पो स्वतःचा असल्याने ते शक्य आहे.

त्याला लेखी दिलेला मजकूर इथे टाकतो, दुरुस्ती सुचवा:

"आपणास आकडीचा आजार असून उपचार चालू आहेत. पुढील वैद्यकीय सल्ला मिळेपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये. वाहन चालवताना आकडी आल्यास आपल्या व इतरांच्या जिवास धोका आहे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. पुरेशी झोप घ्यावी. मद्यपान टाळावे."

---

न्यूरो_मिरज

मजकूर चांगला आहे. "कोणतेही वाहन" च्या पुढे "दुचाकी व ट्रॅक्टरसह" घाला. गावाकडे लोक ट्रॅक्टरला वाहनात धरत नाहीत. विहिरीच्या कडेला एकट्याने काम करू नये, पोहायला एकट्याने जाऊ नये, हेही लिहा.

---

अनामिका_पुणे

थोडं विषयांतर. माझे वडील ७८ वर्षांचे, स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय, पण लायसन्सला अजून दोन वर्षं आहेत. रोज कार काढतात. गेल्या आठवड्यात कोथरूडहून निघाले आणि हडपसरला जाऊन थांबले. आई घाबरली आहे. डॉक्टर म्हणतात "घरच्यांनी बघा". आम्ही काय करू शकतो?

---

निवृत्त_निरीक्षक

ताई, कलम १६ चा संदर्भ देऊन तुमच्या आरटीओतल्या लायसन्स प्राधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. लायसन्स नंबर, निदानाच्या कागदाची प्रत आणि अर्जदाराचं नातं लिहा. "वैद्यकीय प्रमाणपत्र मागवावे" अशी मागणी करा. थेट "रद्द करा" म्हणू नका. प्रमाणपत्र मागवलं की पुढची तपासणी कार्यालयामार्फत होते आणि वडिलांचा राग घरावर निघत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

---

ॲड_मृणालिनी

अनामिका, डॉक्टरांकडून "वाहन चालवू नये" असं लेटरहेडवर लिहून घ्या. ते तोंडी सांगून सुटत असतील तर या धाग्याची लिंक द्या. आणि कार वडिलांच्या नावावर असेल तर विम्याचे कागदही तपासा. अपघातात तिसऱ्या माणसाला भरपाई मिळते, पण मालकाने आजार ठाऊक असून गाडी चालवली म्हणून विमा कंपनी वसुलीसाठी वाद घालू शकते.

जुन्नरचे डॉक्टर, तुमच्या मजकुराला एकच दुरुस्ती. शेवटी "वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजला" असं लिहून पेशंटची आणि बायकोची सही किंवा अंगठा घ्या, तारीख आणि वेळ टाका, आणि एक प्रत केस पेपरला लावा.